नाडा आणि सोंदूर : मोटेवरील सुखाचे साहित्यरूप

ग्रामीण साहित्याच्या चर्चेत ‘साधे सुख’ हा शब्दप्रयोग इतक्या सैलपणे केला जातो की, त्यातील ‘साधे’ कशास म्हणावयाचे आणि ‘सुख’ नेमके कोणाचे, हे प्रश्न बहुधा विचारलेच जात नाहीत. बैलांच्या गळ्यातील घुंगरे, पहाटेचे जाते, विहिरीवरची मोट आणि मोटेबरोबर उमटणारे गाणे असा एक ठरलेला चित्रसंच वाचकासमोर ठेवला जातो व त्याने मन हेलावावे अशी अपेक्षा असते. प्रस्तुत लेखात या संचातील एकाच वस्तूचा, मोटेचा, विचार करावयाचा आहे. मोट हे हाताने घडविलेले अवजार होते, ते जनावरांच्या साहाय्याने चालत असे, आणि त्याच्याभोवती मराठीत अभंग, ओवी, गीत, कविता, कादंबरी व आत्मचरित्र अशा सर्व प्रकारचे लेखन झालेले आहे. त्यामुळे कृषिजीवनातील सुखाचे साहित्यरूप तपासण्यास याहून सोयीची वस्तू क्वचितच सापडेल.

या विचारासाठी नाशिक आणि त्याला लागून असलेला खानदेश हा परिसर डोळ्यांसमोर ठेवला आहे. नाशिक जिल्हा १८६९ साली खानदेश व अहमदनगर या जिल्ह्यांचे भाग एकत्र करून निर्माण झाला, आणि ही दुहेरी घडण त्याच्या शेतीत व भाषेत आजही दिसते. पश्चिमेकडील इगतपुरी, पेठ, सुरगाणा हा मुसळधार पावसाचा व भाताचा डोंगराळ मुलूख आहे. तेथे पावसाला दाद न देणारा डांगी बैल चिखलणीला उपयोगी पडतो, मोटेचे अगत्य तेथे फारसे नाही. बागलाणात मोसम, आरम यांसारख्या नद्यांवरील बंधाऱ्यांतून फडपद्धतीने पाणी फिरते. परंतु सिन्नर, निफाड, चांदवड, येवला या कमी पावसाच्या तालुक्यांत जेथे नदीचा पाट अथवा कालवा पोहोचत नव्हता, तेथे बागायत म्हणजे विहीर आणि विहीर म्हणजे मोट असेच समीकरण होते. भाषेच्या दृष्टीनेही दक्षिणेकडे देशी मराठी व उत्तरेकडे अहिराणी असल्याने मोटेच्या एकाच भागाला दोन-तीन नावे सहज आढळतात. १८८३ साली प्रसिद्ध झालेल्या नाशिक जिल्ह्याच्या गॅझेटिअरमध्ये येथील शेतीच्या अवजारांची नोंद आहे. ती नोंद सरकारी डोळ्यांनी केलेली आहे, आणि सरकारी डोळा अवजाराचा उपयोग पाहतो. ते वापरणाऱ्याला काय वाटते हे पाहणे त्याचे काम नव्हे. नेमक्या त्याच वर्षी जोतीराव फुले यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहून पूर्ण केला. त्यातील शेतकऱ्याच्या घराचे व गोठ्याचे वर्णन वाचले म्हणजे, ‘साधेपणा’ या शब्दाआड किती दारिद्र्य झाकले जाऊ शकते, याची कल्पना येते.

मोटेच्या साहित्यरूपाकडे वळण्यापूर्वी तिची रचना समजून घेणे आवश्यक आहे. एरवी हा तपशील वाङ्मयीन लेखात अप्रस्तुत ठरला असता; येथे मात्र पुढील सर्व विवेचन त्यावर अवलंबून आहे. मोट म्हणजे कातड्याची मोठी पिशवी. तिचे वरचे तोंड रुंद असून ते लोखंडी कड्याने ताठ धरलेले असते. खालचा भाग निमुळता होत जाऊन हत्तीच्या सोंडेसारखा लांबट होतो, व त्यास सोंड असेच म्हणतात. वरच्या तोंडाला जाड दोर बांधलेला असतो, तो नाडा. तो विहिरीच्या काठावर उंच बसविलेल्या चाकावरून बैलांच्या जुवाकडे येतो. सोंडेच्या टोकाला दुसरी, बारीक दोरी असते. ती खाली, काठालगतच्या आडव्या लाटेवरून त्याच जुवाकडे येते. हा सोंदूर. उच्चार गावागणिक बदलतो. खानदेशात त्याचे ‘समदूर’ होते. बैल धावेच्या उतारावरून खाली चालू लागले की दोन्ही दोर एकाच वेळी ओढले जातात. मोट वर येत असताना सोंदूर सोंडेला वर दुमडून धरतो, म्हणून पाणी सांडत नाही. काठाशी येताच सोंड लाटेवरून थारोळ्याकडे झुकते, मोटेचे तोंड मात्र चाकाकडे आणखी वर जाते, आणि सारे पाणी सोंडेतून थारोळ्यात कोसळते. तेथून पाटाने ते वाफ्यांकडे धावते व दारे धरणारा किंवा धरणारी ते एका वाफ्यातून दुसऱ्यात वळवते. इकडे बैल मागल्या पावलांनी धाव चढतात आणि रिकामी मोट पुन्हा पाण्यात उतरते.

यातील सारी करामत सोंदुरात आहे. तो प्रमाणाबाहेर लांब झाला तर सोंड लोंबकळून अर्धे पाणी विहिरीतच परत जाते. आखूड झाला तर तोंड वर पोहोचण्याआधीच सोंड ताणली जाते. बैलांचेही तसेच. ओढणे कोणत्याही बैलास येते. उताराच्या तळाशी नेमके थांबणे आणि मागे सरत धाव चढणे हे शिकवावे लागते. मुरलेली जोडी हाकेची वाट पाहत नाही. नाड्यावर बसून उतार उतरणाऱ्या मोटकऱ्याचे वजन ओढीला साहाय्य करते आणि त्याचवेळी त्याला क्षणभर विसावाही देते. मोटेवरच्या गाण्याची जागा हीच. उताराच्या चालीत ओळ लांबते, पाणी कोसळताना हाळी उठते, चढावर बैलांशी नुसते पुटपुटणे चालते. गाण्याचे हे माप छंदशास्त्राने ठरविलेले नाही. ते धावेच्या लांबीने ठरविलेले आहे. मोट हाकण्यात सुख होते असे म्हणावयाचे असेल तर ते येथे, माणूस, जनावर आणि अवजार यांचा मेळ बसण्यात शोधावे लागते. आणि हा मेळ ‘साधा’ नाही. तो अनेक हातांच्या कसबावर आणि दीर्घ सरावावर उभा आहे.

म्हणूनच मोटेविषयीच्या कोणत्याही मराठी रचनेला एक प्रश्न विचारणे उपयुक्त ठरते : या रचनेला सोंदूर ठाऊक आहे काय? नाडा कोणालाही दिसतो. तो जाड असतो, चाकावरून जातो, त्या चाकाची कुरकुर लांबून ऐकू येते. सोंदूर जवळ गेल्याशिवाय दिसत नाही. जिने कामाकडे जवळून पाहिले आहे ती रचना कोणती, आणि बांधावरून पाहिले आहे ती कोणती, हे या एका कसोटीने बरेचसे उलगडते.

संत सावता माळी हे अरणचे. नाशिकपासून ते गाव दूर. पण माळ्याच्या मळ्यातील वस्तूंना भक्तीच्या भाषेत प्रथम स्थान देणारे म्हणून त्यांचा निर्देश येथे टाळता येत नाही. आपल्या प्रसिद्ध अभंगात ते भाजीपाल्यापासून आरंभ करून विहिरीशी येतात आणि मोटेच्या सरंजामात पंढरी व्यापून राहिल्याचे सांगतात. तेथे नाडा आणि दोरी अशी दोन नावे ते वेगळी घेतात, हे लक्षात घेण्याजोगे आहे. अभंगाच्या चरणाला एका नावाने भागले असते. दोन दोर वेगळे मोजणारा हा हात मळ्यात राबलेला आहे. सावतोबांच्या या अभंगाकडे कर्मात ईश्वर पाहण्याचे उदाहरण म्हणून पाहिले जाते व ते योग्यच आहे. तथापि त्यामागे अवजाराचे बारकाईचे ज्ञान आहे, याकडे पुरेसे लक्ष गेलेले नाही.

जात्यावरच्या ओव्यांत मोट येते ती बहुधा भावाची. दळणारी स्त्री माहेरच्या मळ्याचे, भावाच्या बैलजोडीचे, त्याच्या विहिरीच्या पाण्याचे कौतुक गाते. या कौतुकात अवजाराचे अंग फारसे दिसत नाही. तसे होणे स्वाभाविक आहे, कारण तेथे मोट हे भावाच्या समृद्धीचे चिन्ह आहे. शिवाय मोट हाकणे पुरुषाचे आणि दारे धरणे पुष्कळदा स्त्रीचे अशी कामाची वाटणी होती. पाट फुटला की चिखलात धावणारी तीच. ओवी गाणारीने स्वतःच्या वाट्याचे कष्ट सोडून भावाची मोट गाइली, यात स्मरणरंजन आहेच. परंतु ते सासरी राहून केलेले आहे व म्हणून त्याला एक धार आहे. शहरात राहून केलेल्या स्मरणरंजनाशी त्याची गल्लत करू नये.

या विषयातील सर्वांत समर्थ रचना बहिणाबाई चौधरी यांची आहे. जळगावजवळच्या आसोद्याला १८८० साली जन्मलेल्या, अक्षरओळख नसलेल्या या शेतकरी स्त्रीची गाणी तिचे पुत्र सोपानदेव व आप्त पितांबर चौधरी यांनी टिपून ठेवली. ती १९५२ साली, म्हणजे तिच्या मृत्यूनंतरच्या वर्षी, ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. त्यातील ‘मोट हाकलतो एक’ ही कविता अगदी छोटी आहे. तिची रीत अशी की, मोटेच्या व्यवहारातील एकेक जोडी घ्यावयाची आणि त्या जोडीतील ऐक्य दाखवावयाचे. दोन मोटांत पाणी एकच. कणा आणि चाक यांची गती एकच. दोन बैलांची ओढ एकच. शेवटी हाकणारा एकटा, आणि त्याच्या श्रमावर जगणारे जीव मात्र अनेक.

या कवितेचा अर्थ लावताना अभ्यासक साधारणतः अद्वैताकडे वळतात. विहीर म्हणजे विश्व, हाकणारा म्हणजे परमेश्वर, असे रूपक त्यात सहज बसते आणि कवितेचा शेवट त्यास आधारही देतो. मात्र त्या उंचीवर पोहोचण्याच्या घाईत दोन जागा निसटतात. पहिली नाडा आणि समदूर यांची. या दोहोंत बहिणाबाईंना दिसते ती सामाईक झीज. एक दोर जाड, एक बारीक. एकावर सारा भार, दुसऱ्यावर केवळ सोंडेचा. एक चाकावरून, दुसरा लाटेवरून. असे असूनही दोघांना धावेवरील अंतर सारखेच तोडावे लागते आणि घासले दोघेही जातात. ऐक्याचा शोध घेणाऱ्या तत्त्वचिंतकाने येथे ‘बळ’ अथवा ‘बंध’ असा एखादा उदात्त शब्द योजला असता. झीज सुचते ती दोर कधी तुटेल याची काळजी करणाऱ्याला. दुसरी जागा धावेची. चढण आणि उतरण ही नावे दोन, पण वाट एकच. आणि ‘धाव’ या शब्दात ती उतरंडीची वाट व बैलांचे धावणे हे दोन्ही अर्थ एकाच वेळी आहेत. हा श्लेष बहिणाबाईंनी बनविलेला नाही. तो मोटकऱ्यांच्या बोलीत आधीच होता. तिने तो वापरण्याजोग्या ठिकाणी ठेवला, एवढेच. अवजाराची परिभाषाच कवितेची भाषा होते, ती अशी.

बहिणाबाईंच्या कवितेत सुख आहे काय? आहे, आणि ते झीज दिसत असताना आहे. पुढील काळातील पुष्कळ ग्रामीण कवितेपासून तिला वेगळे करणारी गोष्ट हीच म्हणावी लागेल.

या परिसराबाहेरचे, परंतु तुलनेसाठी अपरिहार्य असे उदाहरण कागलच्या आनंद यादवांचे आहे. एकाच लेखकाच्या हातून मोट-बैलांच्या जगाची निरनिराळी रूपे कशी उमटतात, हे त्यांच्याकडे पाहिल्यास कळते. ‘हिरवे जग’ (१९६०) या त्यांच्या पहिल्या काव्यसंग्रहात शेतशिवाराच्या बोलीची नवलाई आहे. ‘गोतावळा’ (१९७१) या कादंबरीत नारबा या एकाकी गड्याला मळ्यातील जनावरे हेच आप्त वाटतात, आणि मालकाने ट्रॅक्टर आणल्यावर हा गोतावळा विसकटतो. ‘झोंबी’ (१९८७) या आत्मचरित्रात्मक कादंबरीत मात्र तेच मळ्यातले काम शाळेला मुकणाऱ्या मुलाच्या बाजूने येते. ‘झोंबी’ला १९९० साली साहित्य अकादमीचे पारितोषिक मिळाले व तिचा बोलबाला झाला, तरी ‘गोतावळा’ आणि ‘झोंबी’ यांना परस्परांशेजारी ठेवून वाचण्याचे काम अजून मनाजोगे झालेले नाही. नारबाचे जनावरांवरील प्रेम खरे आहे. परंतु मळा त्याचा नाही, बैलही त्याचे नाहीत. मालकाने ती विकावयास काढली तेव्हा त्याच्या प्रेमाला व्यवहारात काहीच किंमत उरली नाही. ‘झोंबी’तील मुलाला तर हे काम निवडण्याची मुभाच नव्हती. म्हणजे मोटेवरील सुखाला मालकी आणि मोकळीक यांची अट होती. ती पुरी झाली तरच गाणे सुचते, अन्यथा तोच उतार आणि तोच चढ दिवसभर मोजत बसावे लागते.

आता या सुखाच्या मागच्या हातांकडे वळले पाहिजे. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या ‘गावगाडा’ (१९१५) या ग्रंथात अलुतेदार-बलुतेदारांच्या कामांची तपशीलवार मांडणी आहे. मोट हे जवळजवळ साऱ्या बलुतेदारीचे एकत्रित काम होते. चाक व कणा सुताराचा, कडे लोहाराचे, दोर मांगाने वळलेले, शिवण चांभाराची, कातडे ढोराने कमावलेले. आणि मेलेले जनावर ओढून नेण्याचे काम महाराकडे लावलेले. मोटेच्या गाण्यात यांपैकी कोणाचे नाव सहसा येत नाही. बैलाचे येते, विहिरीचे येते, देवाचे येते.

येथे एक विसंगती आहे आणि तिचा उच्चार टाळणे योग्य नव्हे. कातड्याची मोट सर्वांच्या विहिरीत बुडत असे. थारोळ्यातले पाणी वाटसरू ओंजळीने पीत, त्यावर मळे पिकत. मेलेल्या जनावराचे कातडे पाण्यात बुडालेले चालत होते. ते कमावणाऱ्या, शिवणाऱ्या माणसाचा हात मात्र त्याच पाण्याला चालत नव्हता. ज्या महाराष्ट्रात १९२७ साली महाडच्या तळ्यावर पाण्यासाठी सत्याग्रह करावा लागला आणि ज्या नाशिकमध्ये २ मार्च १९३० रोजी डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला, तेथे मोटेच्या गोड गाण्याकडे या बाजूनेही पाहणे भाग आहे. नाशिकच्या इगतपुरी व सिन्नर तालुक्यांना लागून असलेल्या अकोले तालुक्यातील दया पवार यांनी ‘बलुतं’ (१९७८) या आत्मकथनाला दिलेले नावच गावगाड्याच्या हिशेबातून उचललेले आहे. मेलेली जनावरे ओढणे, सोलणे या वतनी कामाचे त्यातील चित्रण वाचल्यावर, मोट ज्या कातड्याची होत असे त्या कातड्याचा आरंभ कोठे होतो, हे मराठी वाचकास प्रथमच इतक्या जवळून दिसले. ग्रामीण आणि दलित साहित्य यांची तुलना विद्यापीठीय वर्तुळात प्रवृत्ती, प्रेरणा, भाषा अशा मथळ्यांखाली पुष्कळ झाली आहे. एकच वस्तू दोन्ही प्रवाहांत कशी येते, हे पाहण्याचा मार्ग त्या मानाने कमी चोखाळला गेला. मोटेच्या एका टोकाला बहिणाबाईंची कविता आहे व दुसऱ्या टोकाला ‘बलुतं’; मधला दोर समीक्षेने जोडावयाचा आहे.

मोट गेली ती एकाएकी नव्हे. प्रथम कातड्याऐवजी पत्र्याची मोट आली. चांभाराचे व ढोराचे काम तेथेच सुटले. पुढे तेलावरची इंजिने आली, त्यामागोमाग विजेचे पंप. दारणा धरण १९१६ साली व गंगापूर धरण १९६५ साली पूर्ण झाले, कालव्यांचे पाणी पसरले; निफाड-दिंडोरीकडे द्राक्षबागा वाढल्या आणि त्यांना ठिबक सिंचनाच्या नळ्या आल्या. पाणी नळीतून थेंबाथेंबाने मुळाशी जाऊ लागल्यावर पाट, वाफा, दारे या शब्दांनाही काम उरले नाही. विजेच्या पंपास खेड्यात ‘मोटार’ म्हणतात. मोट आणि मोटार या शब्दांचे साम्य निव्वळ योगायोगाचे, पण विहिरीच्या काठावर एकाने दुसऱ्याची जागा घेतली खरी. या बदलाबद्दल शेतकऱ्याने हळहळ केली असे दिसत नाही. बैल व माणूस दोघेही दिवसभराच्या चढ-उतारातून सुटले. हळहळ केली ती साहित्याने, आणि तीही मोट नाहीशी झाल्यावर.

मोटोत्तर काळातील या लेखनात चाकाची कुरकुर आहे, पहाट आहे, सर्जा-राजा आहेत, सोंदूर नाही. नाड्याचा उल्लेखही ‘दोर’ या सामान्यनामात विरघळतो. बैल मागल्या पावलांनी चढतात, हे लिहिणाऱ्यास ठाऊक नसल्याने ते गोल फिरताना दिसतात. म्हणजे मोटेच्या जागी नकळत रहाट येतो. हे दोष क्षुल्लक वाटतील. पण ज्या सुखाचे वर्णन करावयाचे ते ज्या मेळातून निर्माण होते तो मेळच हरवल्यावर उरते ते केवळ दृश्य. तशीच गत वाक्प्रचाराची. राजकीय लेखनात विविध गटांची ‘मोट बांधली’ जाते, ती अनेकांना विहिरीवरची वाटते. वस्तुतः तेथे मोट म्हणजे गाठोडे. मोल्सवर्थच्या कोशात हे दोन्ही अर्थ दिलेले आहेत.

शब्दांच्या बाबतीत काही काम झालेले आहे. रमेश सूर्यवंशी यांचा ‘खानदेशातील कृषक जीवन सचित्र कोश’ हा या दृष्टीने मोलाचा ग्रंथ होय, कारण त्यात शब्दाशेजारी चित्र आहे. मोटेसारख्या वस्तूच्या बाबतीत चित्राविना दिलेला अर्थ अपुराच राहतो. ‘मोट हाकलतो एक’ ही कविता वर्गात शिकविताना नाडा म्हणजे दोर आणि समदूर म्हणजेही दोर, एवढेच सांगून पुढे गेल्यास दोघांची झीज एक असण्यात सांगण्यासारखे काही उरत नाही. दोन दोर झिजायचेच. एक जाड व एक बारीक, एक वरून व एक खालून, एकाने भार वाहावयाचा व दुसऱ्याने पाणी राखावयाचे, हे फळ्यावर दोन रेघांनी दाखविले तरच ती ओळ उलगडते. नाशिककडील जुन्या विहिरींवर अजूनही कोठे कोठे दगडी थारोळी आणि मातीत बुजत चाललेल्या धावा दिसतात. चाके केव्हाच निघाली आहेत, आणि लाटेची जागा दाखवू शकतील असे मोटकरी आता अतिवृद्ध आहेत. त्यांच्याकडून गावोगावची नावे उतरवून घेण्याचे काम मराठी विभागांतील विद्यार्थ्यांना एका उन्हाळी सुटीतही बरेचसे करता येईल.